शेल्टीच्या पिल्लांचे कान वळवणे

शेल्टीच्या पिल्लांचे कान वळवणे ही शेटलंड शीपडॉग या जातीच्या पिल्लांच्या कानांची टोके पुढे झुकलेली राहावीत म्हणून वाढीच्या वयात केली जाणारी प्रक्रिया आहे. कानाचे टोक आतल्या बाजूस दुमडून त्वचेला न झोंबणाऱ्या डिंकाने चिकटवणे हा तिचा सर्वाधिक प्रचलित प्रकार असून चिकटपट्टी लावणे, टोकावर अल्प वजन देणे आणि तेलाने चोळणे हे इतर प्रकार आहेत. डोबरमन किंवा ग्रेट डेन या जातींत कान कापण्याची जी प्रथा आहे, तिच्याशी या प्रक्रियेची अनेकदा गल्लत केली जाते. कान कापणे ही शस्त्रक्रिया आहे व तिचा परिणाम कायमचा असतो. कान वळवताना मात्र काहीही कापले जात नाही, कूर्चा कठीण होईपर्यंत तिला एका ठरावीक घडीत धरून ठेवले जाते. ही प्रक्रिया रफ कोलीच्या पिल्लांवरही केली जाते. एअरडेल टेरियरसारख्या काही टेरियर जातींतही पिल्लांचे कान डिंकाने बसवण्याची रीत आहे.

कान वळवण्याचा कुत्र्याच्या श्रवणशक्तीशी अथवा आरोग्याशी संबंध नाही. तिचा हेतू केवळ दिसण्यापुरता, म्हणजे जातीच्या मानकात वर्णन केलेला चेहरा मिळवण्यापुरता आहे. घरात पाळण्यासाठी घेतलेल्या शेल्टीला तिची गरज नसते.

जातीची पार्श्वभूमी

शेटलंड शीपडॉग ही जात ब्रिटनच्या अगदी उत्तरेकडील शेटलंड बेटांवरची आहे. तेथील छोट्या शेतवाड्यांवर मेंढ्या हाकणे आणि कुंपण नसलेल्या भाजीमळ्यांत जनावरे शिरू न देणे, हे या कुत्र्यांचे मूळ काम होते. वाडीला स्थानिक बोलीत ‘तून’ म्हणत, त्यावरून या कुत्र्यास ‘तूनी डॉग’ असेही म्हटले जाई. १९०८ मध्ये लरविक येथे या जातीचा पहिला क्लब स्थापन झाला आणि १९०९ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. आरंभी तिचे नाव ‘शेटलंड कोली’ असे होते. रफ कोलीच्या पैदासकारांनी त्यास हरकत घेतल्यामुळे १९१४ मध्ये ते बदलून ‘शेटलंड शीपडॉग’ असे करण्यात आले. अमेरिकन केनेल क्लबमध्ये या जातीची पहिली नोंद १९११ मधील आहे. ‘शेल्टी’ हे बोलीतील नाव आज सर्वत्र रूढ आहे.

कानांचा प्रश्न समजण्यासाठी या जातीची घडण लक्षात घ्यावी लागते. बेटांवरील मूळ कुत्र्यांत उत्तरेकडील स्पिट्झ प्रकारच्या कुत्र्यांचे रक्त होते, असे मानले जाते. स्पिट्झचे कान ताठ उभे असतात. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरून आलेल्या कोलींचे कान अर्धे उभे असत. लहान स्पॅनियलांचाही संकर झाल्याचे सांगितले जाते आणि स्पॅनियलचे कान पूर्ण लोंबते असतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत चेहरा कोलीसारखा व्हावा म्हणून रफ कोलीशी पुन्हा संकर केले गेले. उभा, अर्धा उभा आणि लोंबता अशा तिन्ही प्रकारच्या कानांचा वारसा एकाच जातीत एकत्र आल्याने एकाच विणीतील चार पिल्लांचे कान चार तऱ्हांचे निघणे, ही शेल्टीच्या बाबतीत नवलाची गोष्ट नाही.

मानकातील अपेक्षा

अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार शेल्टीचे कान लहान व लवचीक असावेत, डोक्यावर उंच बसलेले असावेत आणि कुत्रा सावध असताना त्यांचा पाऊण भाग उभा राहून वरचा पाव भाग पुढे झुकलेला असावा. विश्रांतीच्या वेळी हेच कान लांबीत दुमडून मागे मानेच्या आयाळीत टेकतात. ब्रिटिश मानकात आणि आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या ८८ क्रमांकाच्या मानकातही ‘अर्धवट उभे व टोके पुढे पडलेले’ असेच वर्णन आहे. भारतीय केनेल क्लबचे मुख्यालय चेन्नई येथे असून तो या महासंघाशी संलग्न आहे. त्यामुळे भारतातील श्वानप्रदर्शनांत परीक्षकांसमोर साधारणतः हेच वर्णन असते.

मानकाच्या दृष्टीने दोष दोन टोकांचे आहेत. टोक न झुकता पूर्ण ताठ उभा राहणारा कान हा एक दोष, तर मुळापासूनच बाजूला पडलेला, शिकारी कुत्र्यासारखा जड व लोंबता कान हा दुसरा. याशिवाय वटवाघळासारखे बाहेर फाकलेले कान, पिळलेले कान आणि एक कान एका तऱ्हेचा तर दुसरा दुसऱ्या तऱ्हेचा असणे, हेही दोष गणले जातात. या दोन टोकांच्या दोषांवरील उपाय परस्परविरुद्ध आहेत. ताठ कानाचे टोक खाली आणावे लागते, पडलेल्या कानाचे मूळ वर उचलावे लागते. पडलेल्या कानाला टोकाशी वजन दिले, तर तो अधिकच पडतो. नवख्या पालकांकडून होणारी सर्वांत सामान्य चूक हीच आहे.

एवढ्याशा पाव भागासाठी इतका खटाटोप का, याचे उत्तर शेल्टीच्या चेहऱ्यात आहे. या जातीच्या मानकांत चेहऱ्यावरील भावाला मोठे महत्त्व दिलेले असून तो भाव डोक्याचा आकार, डोळ्यांची ठेवण व रंग आणि कानांची ठेवण यांच्या मेळातून उत्पन्न होतो, असे मानले जाते. टोके झुकलेली असली, की चेहरा मृदू व उत्सुक दिसतो. तोच कान ताठ झाला, तर तेच कुत्रे कोल्ह्यासारखे तीक्ष्ण दिसू लागते.

कानाची रचना आणि आनुवंशिकता

कुत्र्याची कर्णपाळी म्हणजे दोन्ही बाजूंनी त्वचेने वेढलेला लवचीक कूर्चेचा पत्रा होय. तिच्या मुळाशी असलेले अनेक लहान स्नायू कान वळवतात, उभारतात व मागे टाकतात. कान उभा राहील की पडेल हे कूर्चेची जाडी व ताठरपणा, कर्णपाळीचा आकार, त्वचेची जाडी, टोकावरील केसांचे वजन आणि मुळाशी असलेल्या स्नायूंचा जोर यांवर ठरते. पातळ कूर्चेचा, लहान व हलका कान सहज ताठ होतो, तर जाड व रुंद कान पडतो. शेल्टीचा आदर्श कान या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात येतो आणि म्हणूनच तो केवळ निसर्गावर सोडल्यास दर वेळी मिळत नाही.

कुत्र्यांच्या जनुकसंचावर २०१० च्या सुमारास झालेल्या व्यापक अभ्यासांत उभ्या व लोंबत्या कानांमधील फरकाचा संबंध दहाव्या गुणसूत्राच्या एका भागाशी आढळला. एमएसआरबी३ हे जनुक याच भागात आहे. शरीराच्या आकारमानाशी निगडित असलेले एचएमजीए२ हे जनुकही त्याच्या शेजारीच आहे. कानाची घडण मात्र एका जनुकाने ठरत नाही. आई-वडील दोघांचेही कान उत्तम असूनही पिल्लाचे कान ताठ निघू शकतात.

पाळीव प्राण्यांमध्ये लोंबते कान वारंवार आढळतात आणि रानटी प्राण्यांत ते जवळजवळ नसतात, याकडे चार्ल्स डार्विनने १८५९ मध्येच लक्ष वेधले होते. सोव्हिएत संघातील नोव्होसिबिर्स्क येथे १९५९ पासून चाललेल्या कोल्ह्यांच्या प्रयोगात केवळ माणसाळूपणासाठी निवड केली असता काही पिढ्यांत झुकलेल्या कानांची पिल्ले दिसू लागली. भ्रूणावस्थेतील चेतातंतू-शिखेच्या पेशी कूर्चा आणि अधिवृक्क ग्रंथीचा काही भाग अशा दोहोंच्या घडणीत भाग घेतात. त्या पेशी कमी पडल्यास भित्रेपणाबरोबर कानाचा ताठपणाही कमी होत असावा, असे एक गृहीतक २०१४ मध्ये मांडले गेले. ते सर्वमान्य झालेले नाही.

महाराष्ट्रात याची दोन्ही टोके रोजच्या पाहण्यातली आहेत. मराठवाडा व दक्षिण महाराष्ट्रातील कारवान कुत्र्याचे कान मुळापासून खाली लोंबतात, तर गावठी कुत्र्यांत उभ्या व अर्ध्या उभ्या कानांची सरमिसळ दिसते. पाऊण उभा व पाव झुकलेला असा शेल्टीच्या मानकाला शोभणारा कान एखाद्या गावठी कुत्र्यालाही असतो, फक्त त्याला त्याबद्दल कोणी गुण देत नाही.

वय आणि दात येण्याचा काळ

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे कान डोक्याला चिकटलेले असतात. पुढे ते मोकळे होऊन साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास उचलू लागतात. अनुभवी पैदासकार याच वेळेपासून कानांवर रोज नजर ठेवतात. टोक सरळ वर गेलेले दिसले, की लगेच उपाय सुरू केला जातो, कारण ताठ होऊन काही आठवडे गेलेला कान पुन्हा झुकवणे कठीण असते.

कुत्र्याच्या २८ दुधाच्या दातांच्या जागी ४२ कायमचे दात साधारणपणे साडेतीन ते सात महिन्यांच्या दरम्यान येतात. या काळात कान रोज रूप बदलतात. सकाळी उत्तम दिसलेला कान संध्याकाळी ताठ होतो आणि दुसऱ्या दिवशी मुळासकट पडतो. शरीरातील कॅल्शियम दातांकडे वळत असल्यामुळे असे होते, ही समजूत पैदासकारांत दृढ आहे. तिच्यावर विसंबून पिल्लाला कॅल्शियमच्या गोळ्या देणे मात्र अयोग्य आहे, कारण वाढत्या पिल्लाला संतुलित आहाराखेरीज जादा कॅल्शियम दिल्यास हाडांच्या वाढीत दोष उत्पन्न होऊ शकतात. ऊन-पाऊस, आजारपण आणि माद्यांच्या बाबतीत पहिला माज, यांमुळेही कान तात्पुरते बदलतात, असे पालक सांगतात. या कारणांमुळे प्रक्रिया दोन-अडीच महिन्यांच्या वयात सुरू होऊन दात पूर्ण येईपर्यंत, व पुष्कळदा वर्षभराचे वय होईपर्यंत, अधूनमधून चालू ठेवावी लागते.

याच तत्त्वाचा उपयोग मानवी वैद्यकातही होतो. जन्मतः वाकडा असलेला बालकाचा कान पहिल्या काही आठवड्यांत साच्यात बसवल्यास शस्त्रक्रियेविना सुधारतो. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे त्या काळात नवजात बालकाची कूर्चा मऊ असते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पिल्लांच्या कानावरील उपाय मात्र वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतून आलेला नाही, तो पैदासकारांच्या हातांतून पिढीजात आला आहे. म्हणून त्याचे तपशील घराघरांत वेगळे असतात.

डिंकाची पद्धत

प्रथम कानाच्या आतील बाजूचे, टोकाजवळचे व कडेचे केस बोथट टोकाच्या कात्रीने आखूड केले जातात. ताठ होऊ पाहणाऱ्या कानाच्या टोकावरील बाहेरचे केस मात्र राखतात, कारण त्यांचे वजन टोकाला खाली ओढण्यास मदत करते. जड कानाचे केस याउलट विरळ केले जातात. नंतर कानातील तेलकटपणा जाण्यासाठी स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसून ती पूर्ण कोरडी होऊ देतात. स्पिरिट कर्णनलिकेत उतरणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

टोकाच्या आतल्या बाजूस आणि ते जेथे टेकणार त्या जागी डिंकाचा पातळ थर लावला जातो. डिंक किंचित सुकून ओढ धरू लागला, की टोक पुढे व खाली आणून कानाच्या आतल्या भागावर दाबून धरतात. घडी कानाच्या वरच्या पाव ते एक तृतीयांश भागात पडावी लागते. चिकट सुटल्यावर कान थोडा परत वर उसळतो, म्हणून अनेक पैदासकार घडी हवी त्यापेक्षा किंचित खाली घेतात. घडी कागदासारखी करकरीत दाबत नाहीत. टोकाला मऊ वळण असेल तर कान स्वाभाविक दिसतो, तर कूर्चेला धारदार मोड पडल्यास ती चुकीच्या जागी मोडून कायमची खूण राहते. टोक कर्णनलिकेचे तोंड झाकणार नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

नुसती टोके चिकटवून काम पुरे होत नाही. दोन्ही कान डोक्यावर उंच व एकमेकांजवळ राहावेत, यासाठी त्यांना आधार दिला जातो. कानांच्या आतल्या कडांच्या मुळाजवळील केस डोक्यावरच्या केसांशी डिंकाने जोडतात, किंवा दोन कानांच्या मध्ये चिकटपट्टीचा अथवा लोकरीच्या धाग्याचा छोटा पूल बांधतात. मुळापासून पडणाऱ्या कानाला हा पूल हाच मुख्य उपाय असतो. पूल फार आवळल्यास कपाळाची त्वचा ताणली जाते आणि पिल्लू पंजाने ओरबाडू लागते.

हे काम दोघांनी करावयाचे असते. एकाने पिल्लाला मांडीवर धरून खाऊ चाटवत गुंतवून ठेवायचे आणि दुसऱ्याने चिकटवायचे. डिंक धरेपर्यंतची काही मिनिटेच कसोटीची असतात. त्यानंतर विणीतील इतर पिल्लांपासून त्याला थोडा वेळ वेगळे ठेवतात, कारण भावंडे एकमेकांचे कान चघळून डिंक काढून टाकतात. चिकटवलेला कान काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. तो आपोआप सुटू देणे उत्तम. लवकर काढायचा झाल्यास डिंकानुसार खोबरेल, बेबी ऑइल किंवा वैद्यकीय चिकटपट्टी सोडवण्याचे द्रावण वापरून हळूहळू सैल केला जातो. ओढून काढल्यास केसांसह त्वचा निघते. दोन खेपांमध्ये त्वचेला काही दिवस विश्रांती दिली जाते आणि लालसरपणा असेपर्यंत पुन्हा डिंक लावला जात नाही.

शेटलंड शीपडॉगचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे कुत्र्यांच्या सामाजिक वर्तनावर दीर्घ संशोधन करून १९६५ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यासाठी निवडलेल्या पाच जातींपैकी शेल्टी ही एक होती. साधारण ३ ते १२ आठवड्यांचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीत निर्णायक असतो, हा त्या संशोधनाचा सर्वज्ञात निष्कर्ष आहे. कान चिकटवण्याची पहिली खेप नेमकी याच काळाच्या अखेरीस येते. जबरदस्तीने दाबून धरलेले पिल्लू पुढे डोक्याला हात लावू देत नाही आणि शेल्टी ही मुळातच संवेदनशील, बुजरी जात आहे. मान आखडून मागे सरकणारे कुत्रे प्रदर्शनाच्या रिंगणात उत्तम कानांचाही उपयोग होऊ देत नाही. म्हणून डिंक हाती घेण्यापूर्वी काही दिवस नुसतेच कान हाताळून पिल्लाला सवय लावणे, हा या प्रक्रियेचाच भाग मानला जातो.

इतर पद्धती

कागदी वैद्यकीय चिकटपट्टी किंवा कापडी मोलस्किनचे तुकडे कानाच्या आत लावून घडी धरणे ही डिंकाइतकीच जुनी पद्धत आहे. पट्टी कानाभोवती गोल गुंडाळू नये. पिल्लाचा कान वाढत असतो आणि आवळलेल्या पट्टीखाली रक्तपुरवठा थांबून टोक मृत होऊ शकते. वजनाच्या पद्धतीत टोकाच्या आत एखाद्या घट्ट लेपाचा लहानसा गोळा बसवतात. पूर्वी त्यासाठी चघळलेले च्युइंगगम वापरले जाई. ते आता धोक्याचे आहे, कारण साखरविरहित च्युइंगगममधील झायलिटॉल कुत्र्याच्या पोटात गेल्यास रक्तशर्करा झपाट्याने घसरून जीव जाऊ शकतो. झिंक ऑक्साइडचे मलम किंवा पट्टी पिल्लांनी चाटली वा गिळली, तर तीही विषारी ठरते. कानाची त्वचा मऊ राहावी म्हणून लॅनोलिन किंवा तेलाने टोक रोज चोळण्याची पद्धत सर्वांत निरुपद्रवी आहे. किंचित ताठ होऊ लागलेल्या कानाला कधीकधी एवढेही पुरते.

चिकटद्रव्याची निवड

पाश्चात्त्य देशांत या कामासाठी शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी बसवण्याकरिता वापरला जाणारा त्वचेचा डिंक आणि रबरक्षीरापासून बनवलेला कापडाचा डिंक प्रचलित आहेत. दोन्ही सुकल्यावर लवचीक राहतात, हा त्यांचा मुख्य गुण. भारतात पिशवीसाठीची त्वचालेपके मोठ्या शहरांतील शस्त्रक्रिया-साहित्याच्या दुकानांत मिळतात. नाटकांत दाढीमिशा चिकटवण्यासाठी वापरला जाणारा स्पिरिट गम हा अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ असतो. तो त्वचेसाठीच बनवलेला असला, तरी पिल्लाच्या खोडीपुढे त्याची पकड फार काळ राहत नाही.

घरात सहज हाताशी असणारी चिकटद्रव्ये बहुतांशी अपायकारक आहेत. फेव्हिक्विकसारख्या झटपट डिंकात सायनोअॅक्रिलेट असते. ते ओलाव्याच्या संपर्काने घट्ट होते, घट्ट होताना उष्णता सोडते आणि काचेसारखे कडक बनून त्वचेला कापते. चपला-बूट व फर्निचरसाठीच्या रबरी डिंकांत टोल्युइनसारखी द्रावके असतात, ती त्वचेला झोंबतात व नाकावाटे शरीरात जातात. फुगणारे पॉलियुरेथेन डिंक सर्वांत घातक होत. त्यांची थोडीशी मात्राही पिल्लाने गिळली तर ती पोटात फुगून दगडासारखी होते आणि शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

दमट हवामानातील अडचणी: पनवेलचे उदाहरण

कान वळवण्याची प्रचलित माहिती थंड व कोरड्या प्रदेशांतील पालकांनी लिहिलेली आहे. कोकणपट्टीत ती जशीच्या तशी लागू पडत नाही. रायगड जिल्ह्यातील पनवेल हे याचे चांगले उदाहरण आहे. गाढी नदी व खाडीच्या काठी वसलेल्या या शहरात जून ते सप्टेंबर जोरदार पाऊस पडतो आणि उरलेल्या वर्षातही हवा बहुतांश काळ दमट असते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आल्यावर खारघर, कामोठे, कळंबोली यांसारख्या वसाहती एका नगरप्रशासनाखाली आल्या. येथील सदनिकांत पाळल्या जाणाऱ्या दाट केसांच्या विदेशी कुत्र्यांना हीच हवा सोसावी लागते.

रबरक्षीराचा डिंक त्यातील पाणी उडून गेल्यावर धरतो. पावसाळ्यात पाणी उडण्यास वेळ लागत असल्याने तो धरण्यासही कितीतरी अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ पिल्लू स्वस्थ बसत नाही. सायनोअॅक्रिलेटचे नेमके उलटे होते, दमट हवेत ते अधिक वेगाने घट्ट होते. कागदी चिकटपट्टी ओल्या केसांवर टिकत नाही. वातानुकूलित किंवा पंख्याखालच्या कोरड्या खोलीत कान चिकटवणे, पावसातून फिरवून आणल्यावर कान आधी टिपून कोरडे करणे आणि शक्य तेथे भर पावसाळ्यात केवळ तेल चोळण्यावर भागवणे, हे व्यवहार्य मार्ग आहेत.

अडचण नुसती चिकटण्याची नाही. कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली व मग आत वळलेली असल्यामुळे तिच्यात ओल साचते. दुमडलेल्या कानामुळे हवा खेळणे आणखी कमी होते. अशा उबदार ओलीत मॅलसेझिया नावाची बुरशी व जिवाणू वाढून कान ठणकू लागतो. आंबूस वास, तपकिरी मळ, डोके सतत झटकणे आणि कान स्पर्शाला गरम लागणे ही लक्षणे दिसल्यास डिंक तत्काळ काढून पशुवैद्यकाकडे जावे लागते. जोराने डोके झटकल्याने कर्णपाळीत रक्त साकळून गाठ होते आणि ती भरताना कूर्चा आक्रसून कानाचा आकार कायमचा बिघडतो. म्हणजे ज्या कानासाठी सारा खटाटोप केला, तोच हातचा जातो.

तपकिरी गोचीड ही दुसरी अडचण होय. कानाची आतली बाजू व कडा या तिच्या आवडत्या जागा असून चिकटवलेल्या घडीत ती लपून राहते. एर्लिकिओसिस हा गोचीडताप याच गोचिडीमुळे पसरतो. त्यामुळे घडी न उघडता दोन आठवडे ठेवण्याची पाश्चात्त्य रीत येथे सोयीची नाही. आठवड्याभरात कान सोडवून आतून तपासणे अधिक सुरक्षित ठरते.

औषधांविषयीची सावधगिरी

कानात गोचीड किंवा माइट झाल्यास भारतात आयव्हरमेक्टिन हे स्वस्त औषध सर्रास दिले जाते. शेल्टीच्या बाबतीत ते प्राणघातक ठरू शकते. मेंदूत औषधे शिरू न देणारे पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन एमडीआर१ या जनुकावरून बनते. या जनुकातील चार अक्षरांच्या लोपामुळे कोली वंशातील कुत्र्यांत ते प्रथिन निकामी असते, हे २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतील संशोधनातून उघड झाले. हा दोष रफ कोलीत फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. शेल्टीत त्याचे प्रमाण कमी असले, तरी बाहेरून पाहून तो ओळखता येत नाही. अशा कुत्र्याला जास्त मात्रेत आयव्हरमेक्टिन मिळाल्यास लाळ गळणे, तोल जाणे, दिसेनासे होणे व शेवटी बेशुद्धी येते. त्यामुळे जनुकचाचणी झालेली नसल्यास पिल्लू शेल्टी असल्याचे पशुवैद्यकाला स्पष्ट सांगणे आवश्यक असते. जनावरांसाठी मिळणारे इंजेक्शन अंदाजाने देण्याची ग्रामीण भागातील रीत या जातीला जिवावर बेतणारी आहे.

वाद

कान वळवण्याविरुद्ध सर्वांत गंभीर आक्षेप पिल्लाच्या वेदनेचा नसून फसवणुकीचा आहे. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांनुसार मानकात मुभा दिलेल्या बाबी सोडून कृत्रिम उपायांनी रूप बदललेला कुत्रा प्रदर्शनास अपात्र ठरतो. ब्रिटनच्या केनेल क्लबचेही नैसर्गिक ठेवण बदलण्याविरुद्ध नियम आहेत. रिंगणात डिंक वा वजन लावलेला कुत्रा आणला तर तो बाद होतो, याबद्दल दुमत नाही. परंतु पिल्लपणी वळवलेला कान दोन वर्षांनी आपल्या बळावर झुकलेला असेल, तर परीक्षकाला त्यातले काहीच दिसत नाही. समर्थकांच्या मते कूर्चा वाढत असताना दिलेले वळण हे संगोपन आहे, रूपांतर नव्हे. विरोधकांचे म्हणणे असे, की ताठ कानाचा नर डिंकाच्या जोरावर विजेता ठरला, की त्याच्याकडून अधिकाधिक पिल्ले घेतली जातात आणि ताठ कानाचा वारसा जातीत आणखी पसरतो. पुढच्या पिढीला अधिक डिंक लागतो. मानक कानाची जी नैसर्गिक ठेवण गृहीत धरते, तिची निवडच यामुळे थांबते. दुसऱ्या आक्षेपाचे वजन नाकारता येत नाही, कारण गुण प्रौढ कानाला दिले जातात आणि पिल्लपणीच्या डिंकाची नोंद प्रदर्शनाच्या कागदपत्रांत कोठेच नसते.

पिल्लू विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे झुकलेले कान पुढे तसेच राहतील, याची हमी कोणताही प्रामाणिक पैदासकार देत नाही. आई-वडिलांचे कान वळवलेले होते का, हे विचारणे हाच त्यातल्या त्यात उपयोगी प्रश्न.

कायदेशीर स्थिती

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ अन्वये प्राण्याचे अंगच्छेदन करणे व त्यास अनावश्यक वेदना देणे हा गुन्हा आहे. मूळ कलमात पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये इतकाच दंड ठेवलेला असल्यामुळे कायद्याचा धाक फारसा उरलेला नाही, ही टीका जुनी आहे. सौंदर्यासाठी कान कापणे अंगच्छेदनात मोडते. डिंकाने कान वळवण्यात कापणे नसल्याने ते त्यात बसत नाही, परंतु आवळलेल्या पट्टीने टोक सडले किंवा अयोग्य डिंकाने त्वचा भाजली, तर अनावश्यक वेदनेचे कलम लागू होऊ शकते. युरोप परिषदेच्या १९८७ च्या पाळीव प्राणी संरक्षण करारातही कान कापण्यास मनाई आहे, तात्पुरत्या वळणाचा उल्लेख नाही.

कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा कमी वयाच्या पिल्लांची विक्री करता येत नाही. कान उचलण्याचा पहिला टप्पा त्यामुळे पैदासकाराच्याच घरी पार पडतो. दात येण्याच्या काळातील उरलेले काम नव्या पालकाकडे येते. पैदासकाराने पिल्लाबरोबर वापरलेल्या डिंकाचे नाव, तो सोडवण्याचे द्रावण आणि कान शेवटचा कधी चिकटवला त्याची तारीख लिहून देणे, ही पद्धत अनेक देशांतील शेल्टी पैदासकारांत रूढ आहे.